कुटच्या वेढ्यातील शिधा

पहिल्या महायुद्धात इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी कुट-अल-अमारा येथे मोठा वेढा पडला. आत अडकली होती जनरल टाउनशेंड यांची सहावी, म्हणजे ‘पुणे’ डिव्हिजन. तीत गोरे शिपाई होते, तशा आपल्या मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कोंडी केली. २९ एप्रिल १९१६ ला, अन्न संपल्यावर, फौज शरण गेली.

लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते शिध्याविषयी. गोऱ्यांना मिळे मैद्याचा पाव नि मांस. आपल्यांना कोंड्यासकट आटा नि डाळ. ताज्या भाजीची सर्वांनाच वानवा. मग आजारांचीही वाटणी झाली, आणि तीही शिध्याप्रमाणेच! गोऱ्यांना बेरीबेरी झाली. आपले शिपाई तीतून वाचले, कारण तिचा उतारा कोंड्यातच होता. पण त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजून रक्त येई, सांधे दुखत, जखमा भरत नसत.

पुढे घोडे मारून खाण्याची पाळी आली. ताज्या मांसात थोडेसे का होईना, ‘क’ जीवनसत्त्व असते. गोरे त्यावर तगले. आपल्या बहुतेकांनी ते नाकारले. गावी परतल्यावर भावकी वाळीत टाकील, हे भय काही लहान नव्हे. धर्मगुरूंची परवानगी आणविली, एप्रिलात पुष्कळांनी खाल्लेही. पण तोवर फार उशीर झाला होता. याचा सारा दोष शिपायाच्या हट्टावर घालतात, तो मला अन्यायाचा वाटतो. वेढ्याबाहेरच्या हिंदी फौजेतही स्कर्व्ही पसरलीच होती की! मूळ शिध्यातच हिरव्या पाल्याची तजवीज तोकडी होती.

युद्ध चालू असतानाच लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या विदुषी आणि त्यांच्या सहकारी याच रोगावर काम करीत होत्या. त्यांना आढळले, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीचा उतारा जवळजवळ नसतो. भिजवून मोड आणले, की तो तयार होतो. म्हणजे आपली मटकीची उसळच! मात्र भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. धान्य अख्खेच हवे.

उन्हाळ्यात खेड्यात पालेभाजी दुर्मिळ होते, नि शाळेत येणाऱ्या मुलांच्या फडक्यात पूर्वी नुसती भाकरी-चटणी असे. गुरुजींनी एवढे जरूर सांगावे: घरी मूठभर मूग, मटकी वा हरभरे भिजत घाला. मोड आल्यावर उसळ फार वेळ रटरटवू नका, आचेने ‘क’ जीवनसत्त्व नासते. आणि लिंबू पिळायचे ते ताटात, पातेल्यात नव्हे.