मराठी विकिपीडिया : नारायमपासून मोबाईलपर्यंत

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. इंग्रजी आवृत्ती तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांची होती. या संस्थेला कार्यालय नाही, पगारी संपादक नाहीत आणि भिंतीवर तसबीर लावावी असा एक संस्थापकही नाही. देशात-परदेशात विखुरलेल्या मराठी स्वयंसेवकांनी ती उभी केली. एक शहाणपण मात्र तिच्या पायाशीच होते : मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये. त्या काळी बहुतेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फाँटवर चालत. तो फाँट उतरवून घेतला नाही, तर बातमीच्या जागी रोमन चिन्हांची रांग दिसे.

युनिकोड निवडणे सोपे होते, त्यात लिहिणे नव्हे. विंडोज ९८ला युनिकोड देवनागरी झेपत नसे. एक्सपीला झेपे, पण मूळ सीडी शोधून ती सोय आधी बसवावी लागे. इनस्क्रिप्ट कळफलक ठाऊक असणारे थोडे. ‘बराह’ आणि ओंकार जोशी यांचे ‘गमभन’ या साधनांनी ही अडचण पुष्कळ हलकी केली. कित्येक लेखक एकीकडे टंकून दुसरीकडे चिकटवत. आरंभीच्या कित्येक नोंदी अशा दुहेरी मेहनतीच्या आहेत.

२०११ मध्ये विकिपीडियाच्या पानातच दोन जोडण्या आल्या. पहिली ‘नारायम’. ताडपत्रावर लिहिण्याच्या लोखंडी लेखणीचे हे मल्याळी नाव, आणि या जोडणीचे मूळ काम केले केरळच्या जुनैद पी. व्ही. यांनी. कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की रोमन कळांवर देवनागरी उमटू लागे. वेगळे काही बसवावे लागत नसे. दुसरी ‘वेबफाँट्स’. वाचकाच्या संगणकात देवनागरी नसली तर पानासोबतच फाँट पाठवण्याची ही सोय. मराठीसाठी ‘लोहित मराठी’ होता. लोहित फाँटमालेवर रेड हॅटच्या पुणे कार्यालयात काम झाले, आणि मराठी वळणाचे ल आणि श त्यात होते. हिंदी वळणाचे श वर्षानुवर्षे सोसलेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

या जोडण्यांना आयुष्य लाभले दोनच वर्षांचे. २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’ आला आणि त्याने दोन्ही कामे आपल्याकडे घेतली. नारायम आणि वेबफाँट्स यांची देखभाल थांबली. संतोष तोट्टिंगल आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या भाषा-चमूतील सहकाऱ्यांनी नारायमचे टंकननियम फेकून दिले नाहीत. ते ‘जेक्वेरी आयएमई’ या सुट्या संचात उतरवले. मराठीचे अक्षरांतरण आणि इनस्क्रिप्ट त्या संचातून आजही चालतात. पुढे जानेवारी २०१४ मध्ये आणखी एक धक्का बसला. पानासोबत फाँट पाठवण्याचा भार जड होऊ लागला म्हणून नवा सिलेक्टरच काही काळ बंद ठेवावा लागला. तो परतला तेव्हा फाँट आपोआप पाठवणे थांबलेले होते. एव्हाना संगणकात देवनागरी आलेली होती; तरी जुनी यंत्रे वापरणाऱ्यांची त्या काळात गैरसोय झाली, हे नोंदवले पाहिजे.

मोबाईलची गोष्ट याहून बिकट. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरच्या संगमेश्वरासारख्या गावात अनेकांचे इंटरनेट सुरू झाले ते संगणकावर नव्हे, साध्या जावा फोनवर. त्यात देवनागरी नसली की मराठी पान म्हणजे नुसते चौकोन. यावर तोड होती ऑपेरा मिनी या न्याहाळकाच्या एका आडवळणी पानावर : ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फाँट सुरू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रे काढून पाठवी. डेटा जास्त लागे, मजकूर उचलून घेता येत नसे. पण संगमेश्वरच्या कसब्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज कसे पकडले गेले, हे फोनवर मराठीत वाचता येई. २०११-१२ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरी आली आणि हा द्राविडी प्राणायाम संपला.

लिहिण्याचा प्रश्न उरलाच होता, कारण विकिपीडियाच्या पानातली टंकनसोय मोबाईलसाठी नव्हती. २०१३ मध्ये मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातून, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, ‘स्वरचक्र’ आले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटते. इंग्रजी कळांशी कधी मैत्री न झालेल्यांनाही त्यामुळे लिहिता आले. त्याच वर्षी विकिपीडियाच्या मोबाईल आवृत्तीत संपादनाची सोय झाली.

नोंदींच्या संख्येबाबत मात्र स्पष्ट बोलावे. खेड्यांवरच्या शेकडो नोंदी एकाच साच्यातून काढलेल्या आहेत. तालुक्याचे नाव बदलले की पुढचे गाव तयार. त्यांत माणूस सापडत नाही, देऊळ सापडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये, भाषा संवर्धन पंधरवड्यात, राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने कार्यशाळा झाल्या. अशा कार्यशाळांतून आलेल्या नव्या हातांपुढे या कोऱ्या नोंदी भरण्याचेही काम होते, आणि ते अजून पुरे झालेले नाही.

युनिकोडसारखाच खुल्या मानकांचा आग्रह पुढे आणखी एकदा कामी आला. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेयरचा आधार थांबवला आणि जगभरचे कितीतरी ॲनिमेशन, खेळ आणि शैक्षणिक पाठ उघडेनासे झाले. विकिमीडियाने ध्वनी आणि चित्रफितींसाठी फ्लॅशऐवजी आधीपासूनच खुले फॉरमॅट धरले होते. मराठी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना त्या दिवशी एकही नोंद नव्याने लिहावी लागली नाही.