बुद्धीचे मोजमाप आणि जातीचे मन

१

'यांना मुळात डोकेच कमी' हे वाक्य केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्याच सहजपणे ते पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतही उच्चारले जाते. एके काळी या वाक्याच्या पाठीशी धर्मशास्त्र उभे होते. विसाव्या शतकात त्याच्या पाठीशी मानसशास्त्र उभे करण्याचा प्रयत्न झाला. पोथी जाळता येते. महाडला १९२७ साली ती जाळली गेली. पण तक्ते, सरासऱ्या आणि बुद्धिगुणांक हातात घेऊन जो विद्वान येतो, त्याला उत्तर कसे द्यायचे? त्याच्याच पद्धतीने. हे उत्तर जगात कोणी दिले आणि त्यात बाबासाहेबांचे स्थान काय, हे आपल्या शिक्षकांना व कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

२

मनाचा विचार आपल्याकडे नवा नाही. मन हेच सर्व गोष्टींच्या अग्रभागी असते, हे बुद्धाने शिकवलेच आहे. पण प्रयोगशाळेत बसून मनाचा अभ्यास करण्याची सुरुवात १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे झाली, असे सामान्यतः मानले जाते. ती विल्हेल्म वुंट यांनी केली. आवाज ऐकल्यापासून कळ दाबेपर्यंत किती वेळ जातो, हे ते मोजत. संवेदनेच्या वेळी मनात काय घडते, हे प्रशिक्षित माणसाने स्वतःच न्याहाळून सांगायचे, ही त्यांची अंतर्निरीक्षणाची पद्धत होती. या पद्धतीला मर्यादा होती. मूल, मनोरुग्ण किंवा अशिक्षित मजूर यांना त्या प्रयोगशाळेत स्थान नव्हते. पुढे निरीक्षण, मुलाखत, चाचणी आणि नियंत्रित प्रयोग अशा पद्धती वाढत गेल्या, आणि बालमानसशास्त्र, शैक्षणिक मानसशास्त्र, चिकित्सा मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र अशा शाखाही फुटल्या.

यांपैकी चाचणीने समाजावर सर्वांत मोठी सत्ता गाजवली. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची एक मालिका तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना वेगळी मदत द्यावी, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी वस्तू आहे, या मताला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. १९११ साली ते वारले आणि त्यांची चाचणी अमेरिकेत गेली. तिथे मदतीच्या साधनाचे निवाड्याच्या हत्यारात रूपांतर झाले. स्टॅनफर्डच्या ल्यूइस टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारित आवृत्ती काढली आणि बुद्धी मुख्यतः वंशपरंपरेने येते, हे मत पसरवले. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख अमेरिकन सैनिकांच्या चाचण्या झाल्या. त्यांतील आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली गोऱ्या उत्तर युरोपियनांना वरची पायरी दिली आणि इतरांना खालची. त्यांनीच १९३० साली आपले हे निष्कर्ष मागे घेतले. पण तोवर, १९२४ साली, परदेशातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा होऊन गेला होता.

चातुर्वर्ण्याची उतरंड पाहिलेल्या माणसाला या पायऱ्या अनोळखी वाटणार नाहीत.

३

टर्मन यांची चाचणी निघाली त्याच १९१६ साली, ९ मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या जॉन ड्यूई यांच्याकडे ते तिथे शिकत होते, ते तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध असले तरी १८९९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते.

त्या निबंधाकडे आपण जातीच्या उत्पत्तीचा निबंध म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण सामाजिक मानसशास्त्राच्या दृष्टीनेही तो वाचला पाहिजे. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, अशी बाबासाहेबांची मांडणी आहे. अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर वाढेल तसे ते क्षीण होते, हा गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचा सिद्धान्त त्यांनी वापरला आणि तो पुराव्याला लावून पाहिला. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी उचलल्या. त्यांहून दूरच्यांनी दोन उचलल्या, त्यापलीकडच्यांनी एकच, आणि सर्वांत दूरच्यांनी केवळ जातीवरचा विश्वास घेतला. काहींनी दार स्वतः बंद केले, तर काहींना ते आपल्यासाठी बंद झालेले आढळले. म्हणजे अनुकरण मनात घडते, पण बहिष्कार माणसावर बाहेरून लादला जातो. मन आणि समाजरचना या दोन्ही बाजू त्यांनी एकाच वेळी पाहिल्या. पुढे १९३६ साली, जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असे त्यांनी मांडले, त्याची मुळे इथे आहेत.

मोजमापाला मोजमापानेच उत्तर देणेही बाबासाहेबांनी केले. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिसले यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उच्चनीचता वंशाला जोडली होती. अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांनी दिलेली मोजमापेच पुढे ठेवली आणि दाखवले की त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. प्रतिपक्षाचेच माप घेऊन प्रतिपक्षाचा सिद्धान्त मोडणे, ही खरी शास्त्रीय रीत आहे.

कोलंबियातच ही परंपरा पुढे गेली. ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३५ साली दाखवले की दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे बुद्धिगुणांक तिथे राहण्याच्या वर्षांबरोबर वाढत जातात. वंश तोच, शाळा बदलली. मग चाचणी काय मोजत होती? तिथूनच डॉक्टरेट घेतलेल्या केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला गेला.

४

भारतात कलकत्ता विद्यापीठाने मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला तोही १९१६ सालीच. नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख होते. मराठी मुलांसाठी बिने यांच्या चाचणीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले. धारवाडच्या कानडी आणि मराठी मुलांवर ती प्रमाणित करून त्यांनी १९४० साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम परिश्रमाचे होते, त्याचे मोल कमी लेखू नये. पण चाचणी ज्या मुलांवर प्रमाणित होते, त्यांचे जगणे तिच्यात मुरते. नांदूरघाट तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथल्या महारवाड्यातले, मांगवाड्यातले पोर त्या नमुन्यात असण्याचा प्रश्नच नव्हता.

आजही बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. त्यांचे लेकरू फडात धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, मोळ्या मोजते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते वर्गात परतते आणि शहरी मुलांच्या अनुभवावर बेतलेल्या प्रश्नांना अडखळते. त्या अडखळण्याला कमी बुद्धी म्हणणे ही पद्धतीची चूक आहे. त्याने शाळेचे किती महिने गमावले, हे आधी मोजले पाहिजे.

आणि जात स्वतः किती गुण खाते? २००० नंतरच्या दशकात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ३२१ उच्च जातींच्या व ३२१ दलित मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे ठरले. सर्वांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. पोरांचे डोके तेच होते, फक्त जात पुकारली गेली होती. वर्गात शिष्यवृत्तीची यादी जातीसह मोठ्याने वाचताना हे प्रत्येक शिक्षकाने आठवावे.

मनाचा हा दोष मोजमापात पकडणारे आपलेही आहेत. बाबासाहेबांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. तिथेच शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासह खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाआडनावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोलावणे येण्याचा दलित नावाचा संभव सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाला, मुस्लिम नावाचा सुमारे एक-तृतीयांश. 'आम्ही गुणवत्ताच पाहतो' या दाव्याची ही परीक्षा होती, आणि तीत नापास कोण झाले ते उघड आहे.

शतकभर शोषितांची बुद्धी मोजली गेली. मोजणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह मोजण्याचे काम फार थोड्यांनी केले. मानसशास्त्र हे 'त्यांचे' शास्त्र म्हणून सोडून दिले, तर पट्टी त्यांच्याच हातात राहील. आपल्या विद्यार्थ्यांनी नमुना कसा निवडतात, नियंत्रित गट कशासाठी ठेवतात, सरासरीमागे काय लपते, हे शिकले पाहिजे. कोणी चाचणीचा आकडा पुढे केला, तर आधी विचारावे : मोजले कोणाला, कोणत्या भाषेत, आणि कोणाच्या तुलनेत? हे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी नांदूरघाटच्या शाळेतही तयार होऊ शकतो. त्याच्या शिक्षकाने त्याला अगोदरच 'डोके नाही' असे सांगून ठेवलेले नसावे, इतकेच.