जहाजाचा उंबरठा: व्हीलचेअर आणि समुद्रपर्यटनाचा इतिहास

समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या उघड्या डेकवरून आत शिरणाऱ्या दारांना उंच उंबरठे असतात. डेकवर चढलेले लाटेचे पाणी आत घुसू नये म्हणून ते असतात. 1966 च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारात अशा उंबरठ्याची उंची किमान 380 मिलिमीटर ठरवलेली आहे आणि काही ठिकाणी ती 600 मिलिमीटरपर्यंत जाते. धडधाकट माणूस पाय उचलून पलीकडे जातो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथेच थांबावे लागते आणि त्याच्यामागे उभी असलेली त्याची आई, मुलगा किंवा पत्नीही थांबते. अशा कुटुंबांच्या समुद्रपर्यटनाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या अडथळ्यांचा इतिहास आहे. त्यांतले काही समुद्राच्या धाकाने आलेले आहेत, तर पुष्कळसे बांधणाऱ्यांच्या सवयीने. कोणते कशामुळे आले, हे निवडून वेगळे करायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

केवळ सहलीसाठी जहाजाने फिरण्याची प्रथा रुजवण्यात हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीचा मोठा वाटा आहे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरची वाहतूक रोडावे आणि मोठाली जहाजे धक्क्याला पडून राहत. तेव्हा कंपनीचे कर्तेधर्ते आल्बर्ट बालिन यांनी 22 जानेवारी 1891 रोजी 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीवर काढले. 1900 मध्ये याच कंपनीने 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइसे' हे खास पर्यटनासाठी बांधलेले जहाज पाण्यात उतरवले. समुद्राची हवा प्रकृतीला मानवते असे त्या काळचे डॉक्टर सांगत, त्यामुळे अशक्त आणि आजारी श्रीमंत माणसेही बोटीवर येत. पण जहाज आतून जिन्यांनी भरलेले असे. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजावर लिफ्ट आली ती 1905 मध्ये, 'अमेरिका' या जहाजावर. 1912 च्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गासाठी तीन आणि दुसऱ्या वर्गासाठी एक लिफ्ट होती, तिसऱ्या वर्गासाठी एकही नव्हती. लिफ्ट बसली ती थाटाचा भाग म्हणून. चालता न येणाऱ्याला तिचा उपयोग झाला, पण त्याचा विचार करून ती बसवलेली नव्हती.

तिसऱ्या वर्गात अपंग माणसाची गाठ जिन्याच्या आधी कायद्याशी पडे. स्वतःची देखभाल करू न शकणारा आणि म्हणून सरकारवर भार होईल असा परदेशी माणूस उतरवून घ्यायचा नाही, असे अमेरिकेच्या 1882 च्या कायद्याने ठरवले. नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा खर्च 1891 च्या कायद्याने जहाज कंपनीवर टाकला. मग कंपन्याच बंदरावर प्रवाशांची छाननी करू लागल्या. बालिन यांच्या कंपनीने 1901 मध्ये हॅम्बुर्गजवळ स्थलांतरितांसाठी मोठी वसाहत उभारली. तिथे राहण्याजेवणाची सोय होती आणि वैद्यकीय तपासणीही होती. श्रीमंतांना हवापालटासाठी समुद्रावर नेणारी आणि लंगडणाऱ्या मजुराला धक्क्यावरच पारखणारी कंपनी एकच होती, हे या इतिहासात विसरता येत नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर न्यूयॉर्कजवळचे एलिस बेट 1892 पासून सुरू झाले. नोंदणीचे मुख्य दालन वरच्या मजल्यावर होते. सामानासह जिना चढणाऱ्या माणसांकडे डॉक्टर बघत उभे असत: कोणाला धाप लागते, कोण पाय ओढतो. शंका आली की अंगरख्यावर खडूने अक्षर काढले जाई. लंगडेपणासाठी 'एल', पाठीच्या व्यंगासाठी 'बी'. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या प्रवाशांची तपासणी मात्र जहाजावरच, थोडक्यात उरके. लहान मुलाला नाकारले तर आईवडिलांपैकी एकाला त्याच्याबरोबर माघारी जावे लागे. उरलेले कुटुंब पुढे जाई किंवा तेही परत फिरे. अपंग आप्ताबरोबर केलेल्या समुद्रप्रवासाची ही सर्वांत कठोर पाने आहेत.

याच देशाच्या अध्यक्षाला पुढे व्हीलचेअर वापरावी लागली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय 1921 मधल्या आजारपणात गेले, पण त्यांची समुद्राची ओढ कमी झाली नाही. 'पोटोमॅक' ही अध्यक्षांची नौका 1936 पासून त्यांच्या दिमतीला होती. मुळात ते तटरक्षक दलाचे जहाज. त्याच्यावर दुसरे, खोटे धुराडे उभारले गेले आणि त्याच्या पोकळीत हाताने दोर ओढून चालवायची लिफ्ट बसवली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन धुराड्यांची नौका दिसे. अध्यक्ष वरच्या डेकवर कसे गेले, ते दिसत नसे. ऑगस्ट 1941 मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्याशी भेट झाली, तेव्हा रूझवेल्ट पायांना पोलादी पट्ट्या बांधून, मुलगा एलियट याच्या दंडाचा आधार घेऊन 'ऑगस्टा' या युद्धनौकेच्या डेकवर उभे होते. त्या भेटीच्या छायाचित्रांत एलियट सैन्याच्या गणवेशात वडिलांना खेटून उभा दिसतो. 1943 मध्ये तेहरानच्या परिषदेसाठी अटलांटिक ओलांडताना 'आयोवा' या युद्धनौकेवर त्यांच्यासाठी न्हाणीचा टबही बसवला गेला. मनात आणले तर पोलादी युद्धनौकासुद्धा एका माणसाच्या गरजेप्रमाणे बदलता येते, हे यातून सिद्ध झाले. मात्र त्या माणसाला अध्यक्ष असावे लागले.

दरम्यान खुर्ची बदलत होती. वेताच्या आणि लाकडाच्या अवजड खुर्च्यांच्या जागी 1930 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची बाजारात आणली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातापासून स्वतः व्हीलचेअरवर होते. घडीच्या खुर्चीमुळे मोटारीने आणि आगगाडीने प्रवास शक्य झाला. जहाज मात्र होते तिथेच राहिले. 1960 च्या दशकात जेट विमानांनी अटलांटिकवरचे प्रवासी पळवले आणि कंपन्या कॅरिबियन समुद्रातल्या सहलींकडे वळल्या. जुनी जहाजे रंगवून नव्या कामाला लावली गेली. त्यांच्या केबिनची दारे जेमतेम 60 सेंटिमीटर, कधी त्याहूनही अरुंद. खुर्चीला 80 सेंटिमीटरच्या आसपास लागतात. न्हाणीघरालाही पाऊलभर उंच उंबरा असे. घरची माणसे मग खुर्ची दाराबाहेर घडी करून ठेवत आणि आप्ताला उचलून आत नेत.

हे सारे टाळता येते, याचा पुरावा समुद्रपर्यटनाच्या धंद्याने दिला नाही. तो शिडाच्या जहाजांनी दिला. ब्रिटनमध्ये 1978 मध्ये जुबिली सेलिंग ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. अपंग आणि धडधाकट माणसांनी खांद्याला खांदा लावून जहाज चालवावे, हा तिचा हेतू होता. 'लॉर्ड नेल्सन' हे तिचे तीन डोलकाठ्यांचे जहाज 1986 मध्ये पहिल्या सफरीवर निघाले. त्याच्यावर सपाट, रुंद डेक होते, मजल्यांमध्ये खुर्चीसाठी लिफ्ट होत्या आणि दृष्टिहीनांसाठी बोलणारे होकायंत्र होते. 2000 मध्ये 'टेनेशस' हे लाकडी जहाज त्याच्या जोडीला आले. इथे व्हीलचेअरवरचा माणूस पाहुणा नव्हता. तो सुकाणूवर पाळी करी, दोर ओढी, आणि ज्याची इच्छा असेल त्याला खुर्चीसकट डोलकाठीवर चढवत. वारा आणि लाटा यांच्याशी थेट झुंजणाऱ्या जहाजावर जे जमले, ते लाखभर टनांच्या तरंगत्या हॉटेलावर जमत नाही हे म्हणणे त्यानंतर टिकण्यासारखे नव्हते. पैशाअभावी 2023 मध्ये या ट्रस्टचे काम थांबले, ही मोठी हानी आहे.

कायद्याची लढाई अमेरिकेत झाली. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा 1990 मध्ये झाला. पण बहुतेक पर्यटन जहाजे बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदलेली असत, आणि परक्या झेंड्याखालच्या जहाजाला हा कायदा लागू आहे का, यावर तिथल्या दोन अपील न्यायालयांनी उलटसुलट निर्णय दिले. ह्यूस्टन बंदरातून 1998 आणि 1999 मध्ये निघालेल्या सहलींच्या प्रवाशांचा दावा शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला. दावा करणाऱ्यांत अपंग प्रवासी होते, तसे त्यांच्याबरोबर तिकीट काढलेले सोबतीही होते. जादा भाडे, सोबती आणण्याची सक्ती, चांगल्या जागच्या केबिन बंद आणि आणीबाणीत बाहेर पडण्याची सामग्री पोचता न येण्याजोग्या जागी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

6 जून 2005 च्या निकालात कायदा लागू ठरला, पण एक मर्यादा घालून. जहाजाच्या सुरक्षेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होईल असा बदल कंपनीवर लादता येणार नाही. भाडे, सोबती, केबिनवाटप यांचा समुद्राशी काही संबंध नव्हता. पाणी अडवणारा उंबरठा आणि माणूस अडवणारा उंबरठा यांच्यातली रेषा अशी न्यायालयाने आखली.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सोबत्याचा आहे. शंभर वर्षे कुटुंबातल्या माणसालाच रॅम्प, लिफ्ट आणि खलाशी यांची जागा भरून काढावी लागली. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने 2010 मध्ये जे नियम लागू केले, त्यांनी अपंगत्वामुळे प्रवास नाकारणे आणि जादा आकार घेणे यांना मनाई केली आणि सोबती आणण्याची सरसकट सक्तीही बंद केली. बांधकामाच्या मापांचा मसुदा 2013 मध्ये निघाला, पण तो मसुद्यातच अडकला. युरोपीय संघाचा 2010 चा नियम डिसेंबर 2012 पासून अमलात आला. प्रवासी वाहतुकीच्या बोटीवर कंपनीने सोबत्याची अट घातली, तर त्याला फुकट न्यावे लागते. क्रूझला ही सवलत नाही. हा भेद अन्याय्यच म्हटला पाहिजे, कारण खर्च जिथे सर्वांत जास्त तिथेच कुटुंबावरचा भार तसाच राहिला.

समुद्राकडून येणाऱ्या अडचणी खऱ्या आहेत. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून जिन्यावरून उतरवण्याच्या खास खुर्च्या आणि त्या हाताळायला शिकलेले कर्मचारी लागतात. 1994 मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' बुडून 852 माणसे गेली. त्यानंतर प्रवाशांच्या नोंदींचे नियम कडक झाले. संकटात मदत लागेल असे ज्यांनी सांगितले आहे, त्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडे जाते. दुसरी अडचण धक्का नसलेल्या बंदरांची. तिथे मोठे जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेते. मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटींना कोकणातल्या अनेक बंदरांत असेच थांबावे लागे. आगबोटीच्या अंगाला पडाव लागे, आणि म्हातारीकोतारी, आजारी माणसे हातोहात खाली घेतली जात. आज काही कंपन्या लहान बोटीत उचलपट्टी बसवतात, पण दर्या खवळलेला असेल तर खुर्चीवरच्या प्रवाशाला जहाजावरच थांबावे लागते.

भारतात 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या 44 व्या कलमात आगगाडीचे डबे, बस आणि विमाने यांच्या बरोबरीने जहाजांचाही उल्लेख होता. डबे, जहाजे आणि विमाने यांतली स्वच्छतागृहे व्हीलचेअर वापरणाऱ्यांना सोयीची असावीत असे तिथे म्हटले होते, मात्र आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही बाजू अधिक भक्कम केली. पण जहाज तीस-चाळीस वर्षे चालते आणि हातोहात विकले जाते. 2021 मध्ये मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सहली सुरू करणारे 'एम्प्रेस' 1990 मध्ये, म्हणजे अमेरिकेतला कायदा झाला त्याच वर्षी, फ्रान्समध्ये बांधून पुरे झाले. म्हणून आईवडिलांना व्हीलचेअरवरून न्यायचे असेल तर जहाज कोणत्या साली बांधले, केबिनच्या आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती, वाटेतल्या बंदरांना धक्का आहे की लहान बोटीतून उतरावे लागेल, हे तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे लागते.