विश्रामपूर ते सेरामपूर

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळक यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. बोलता बोलता विषय धर्मावर आला. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी तो ग्रंथ वाचला, मनातल्या शंका पत्रांतून विचारल्या आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु ह्या शास्त्राशी त्यांची पहिली ओळख विद्यालयाच्या चार भिंतींत झाली नव्हती. ती झाली आगगाडीच्या डब्यात, पोटापाण्याच्या गावी आणि टपालातून.

राजनांदगावापासून रायपूर सुमारे ७० किलोमीटर. टिळकांच्या त्या प्रवासापूर्वी पंचवीस वर्षे, १८६८ साली, ऑस्कर लोर नावाचा जर्मन मिशनरी रायपुरास येऊन पोहोचला होता. त्याला अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटीने पाठविले होते. त्या वेळी ह्या मुलखात रेल्वे नव्हती. लोरने रायपूर व बिलासपूर यांच्या दरम्यान पडीक जमीन घेऊन एक गाव वसविले आणि त्याचे नाव ठेवले विश्रामपूर; लोकांच्या तोंडी ते बिसरामपूर झाले. त्या गावची मालगुजारी मिशनकडेच होती. म्हणजे पाळक, वैद्य, शिक्षक आणि मालगुजार हे चारही एकाच अंगणात नांदत होते. ही गोष्ट सुखाचीच होती, असे म्हणता येत नाही.

परक्या देशातून आलेले दोनचार पाळक छत्तीसगढची विखुरलेली खेडी फिरून फिरणार किती? खरे काम पडले ते स्थानिक प्रचारकांवर. हे प्रचारक बहुधा सतनामी घरांतून आलेले, शेती करणारे, थोडेफार शिकलेले. बाजाराच्या दिवशी आणि गावच्या पारावर लोकांशी बोलावे, आलेल्या उलट प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि रात्री ते सारे वहीत उतरावे, असा त्यांचा क्रम असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अशा काही रोजनिश्या टिकून राहिल्या आहेत आणि सौरभ दुबे यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांचा अभ्यास केला आहे. परंपरागत मतांचे जाणते लोक अवघड प्रश्न विचारीत आणि प्रचारकाला त्याच जागी उत्तर शोधावे लागे. परीक्षक समोर उभा आणि पुस्तक घरी, अशी ही परीक्षा होती.

मात्र ह्या परीक्षेचे प्रमाणपत्र कोणी देत नसे. पाळकपदासाठी विद्यालयात जाणे आले, आणि पदवी देणारी विद्यालये दूर होती. जबलपूरचे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज त्यातल्या त्यात जवळचे. १९५३ पासून यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ साली पुण्यास गेली. तीनचार वर्षे घर सोडायचे, तर धानाची शेती कोणी पाहावी? आणि जो गेला, तो परतून खेड्यात रमेल याची तरी शाश्वती काय?

पदवीचा अधिकार सेरामपूरकडे होता. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. हे हुगळीकाठचे सेरामपूर, जिथून विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापून काढले. केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली तेथे कॉलेज काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्यामुळे १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. १९१८ च्या कायद्याने तेथे सिनेट स्थापन झाली आणि देशभरची विद्यालये तिच्याशी संलग्न होत गेली. ह्या सिनेटने पुढे बाहेरून परीक्षा देण्याची सोय केली. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांसाठी ख्रिस्ती अध्ययनाची निराळी पदवीही ठेवली.

ह्या प्रश्नाला खरी कलाटणी मिळाली ती फार दूर, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात. तेथील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६२ साली पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा दाखल झालेल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांपैकी जेमतेम दहाजण पाळकाचे काम करताना आढळले. पुढल्याच वर्षी सेमिनरीने विद्यार्थ्यांना बोलावणे सोडून शिक्षकांनाच गावोगावी धाडले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी ह्या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली. घरचा अभ्यास हा एक आडवा दांडा, मंडळीतील प्रत्यक्ष काम हा दुसरा, आणि ठरावीक दिवशी शिक्षकाबरोबर होणारी बैठक हा दोहोंना धरणारा खांब. भारतात १९७१ साली बंगलोरास ‘टॅफ्टी’ ही संस्था ह्याच कामासाठी निघाली. तिचे पाठ हिंदी-मराठीसह अनेक भाषांत आले.

आक्षेप घेणारे होतेच, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ग्रीक आणि हिब्रू ह्या भाषा दिवसभर राबून आलेला माणूस रात्री एकट्याने कशा शिकणार? ग्रंथालय कोठून आणणार? चार वर्षे एका पंगतीत जेवल्याने निरनिराळ्या पंथांच्या तरुणांत जो स्नेह जडतो, तो टपालाने येत नाही. उत्तर हिंदुस्थानातील सहा मंडळ्यांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, त्यामागे अशा सहवासाचा हात मोठा असावा. उलट, सहवासाच्या जोरावर विद्यालये खेड्यातला माणूस शहरी करून सोडतात, हेही तितकेच खरे. म्हणूनच कुंपणातला खांब महत्त्वाचा. बैठक सुटली की उरते ती केवळ परीक्षेची घोकंपट्टी.

रायपुरात ह्या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. वरच्या पदवीचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत, उपासना हिंदीत आणि पाराखालचे बोलणे छत्तीसगढीत. विश्रामपूरच्या प्रचारकाला ह्यांतली एक पायरी तरी चढावी लागत नव्हती; त्याला प्रश्न ज्या बोलीत विचारला जाई, त्याच बोलीत तो उत्तर देत असे. घरी राहून पदवी घेणाऱ्याला मात्र दिवसा ऐकलेला प्रश्न रात्री इंग्रजी पुस्तकात शोधायचा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर पुन्हा छत्तीसगढीत द्यायचे असते.