मेर्सेन संख्या
मेर्सेन संख्या : २ च्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या. घातांक प असता ती येथे म(प) अशी दर्शविली आहे; उदा., म(३) = ७, म(५) = ३१. म(प) अविभाज्य असण्यासाठी प अविभाज्य असावा लागतो. पण तेवढे पुरेसे नसते. म(११) = २,०४७ = २३ × ८९ हे १५३६ मध्ये हूडाल्रिकस रेगिअस यांनी दाखविले. म(प) अविभाज्य असल्यास तिला २ च्या (प − १) व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, उदा., ६, २८) मिळते, हे यूक्लिड यांनी सिद्ध केले होते. या संख्यांविषयीचे कुतूहल मुख्यतः त्यातून निर्माण झाले.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले की, २५७ पर्यंत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या घातांकांनाच म(प) अविभाज्य असते. सिद्धता त्यांनी दिली नाही आणि ती त्यांच्यापाशी असणेही संभवत नाही. कारण पंधरा-वीस अंकी संख्या तपासण्यास सर्व काळ अपुरा पडेल, असे त्यांनीच लिहिले आहे. म(२५७) तर ७८ अंकी आहे. तरीही ही यादी पुढील तीन शतके गणितज्ञांना आव्हान ठरली.

म(३१) अविभाज्य असल्याचे लेओनार्ट ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. त्यापुढे विभाजक शोधत जाणे अशक्यप्राय होते. एद्वार ल्यूका यांनी १८७६ मध्ये निराळीच कसोटी योजून म(१२७) अविभाज्य आणि म(६७) विभाज्य ठरविली. डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिलेल्या सुटसुटीत रूपात ४, १४, १९४, ३७,६३४,... अशी श्रेणी घेतात. प्रत्येक पद मागील पदाच्या वर्गातून २ वजा करून मिळते. प विषम अविभाज्य असता (प − १) व्या पदाला म(प) ने निःशेष भाग गेला, तरच म(प) अविभाज्य असते. चौथ्या पदाला ३१ ने निःशेष भाग जातो (३७,६३४ = ३१ × १,२१४).

या पद्धतीने विभाजक मात्र कळत नाहीत. म(६७) = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हे एफ्. एन्. कोल यांनी १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील सभेत मांडले. एक शब्दही न बोलता त्यांनी हा गुणाकार फळ्यावर करून दाखविला, असे सांगतात. यादीत नसलेल्या म(६१), म(८९) व म(१०७) या अविभाज्य असल्याचे अनुक्रमे १८८३, १९११ व १९१४ मध्ये आढळले, तर म(२५७) विभाज्य असल्याचे लेमर यांनी दाखविले. एच्. एस्. ऊलर यांनी उरलेले घातांक तपासल्यावर १९४७ मध्ये यादीचा निर्णय पूर्ण झाला. दोन घातांक चुकीचे आणि तीन राहून गेलेले.

आर्. एम्. रॉबिन्सन यांनी १९५२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने पाच नव्या संख्या मिळविल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली म(१३,६२,७९,८४१) ही ज्ञात असलेली ५२ वी अविभाज्य मेर्सेन संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. अशा संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.