वळिवडे छावणी आणि युक्रेनची पश्चिम सीमा
युक्रेनच्या इतिहासातील सीमाबदलाचे पडसाद कोल्हापूरपर्यंत उमटले. १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड व्यापला आणि ल्वीव शहरासह त्याचा दक्षिण भाग सोव्हिएत युक्रेनला जोडला. व्याप्त प्रदेशातील लाखो नागरिकांना १९४०-४१ मध्ये सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, प्रामुख्याने स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे छावणीत राहिले. १९४५ च्या याल्टा परिषदेने नवी सीमा मान्य केल्याने युद्ध संपूनही अनेकांचे मूळ गाव परक्या राष्ट्रात राहिले. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला. २०२२ च्या रशियन आक्रमणाने तेथील सीमांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. म्हणूनच वळिवड्याचा अभ्यास स्थानिक आदरातिथ्यापुरता मर्यादित न ठेवता सीमाबदलाच्या संदर्भात होणे आवश्यक आहे.