नौकाविहार सुरक्षा (बीड जिल्हा)

समुद्र नसलेल्या बीड जिल्ह्यात नौकाविहाराचा प्रश्न येतो तो धरणांच्या जलाशयांवर; सिंदफणेवरील माजलगाव हा त्यांतला मोठा. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 चा जुना कायदा मोडीत काढला. यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी आणि तीवरील जीवरक्षक साधने नव्या कायद्यानुसार बंधनकारक आहेत. राज्यात हे काम 1996 च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. आपत्तीत धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

सप्टेंबर 2022 मध्ये माजलगाव जलाशयात बुडालेल्या व्यक्तीचा शोध घेताना कोल्हापूरच्या बचावपथकातील जवानालाही प्राण गमवावे लागले. पाण्याखालची जाळी आणि झाडोरा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. म्हणून जीवरक्षक जाकिटाचे पट्टे काठावरच आवळून घ्यावेत. बोटीत नुसते पडलेले जाकीट कुणाला तारत नाही.